बाबांचा चिन्नोर आणि बोर्निओचा पक्षी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार
बाबा आज नागपूरला गेले. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग दीडेक महिना प्रतिक्षाकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे मुक्काम. आईही सोबत गेली. गाडी सुटता सुटता बाबांनी काच खाली करून मला जवळ बोलावलं आणि शेत माझ्यावर सोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा. वय वर्षे त्रेचाळीस. म्हणजे माझं.

सूचना अशा: मोठा धान टिकाराम मशीन लावून कापून देणार आहे, त्याची काळजी नाही. टिकाराम म्हणजे आमचा धुरेकरी, शेताला शेत लागून. मी फक्त बोडीजवळची चिन्नोरची बांदी सांभाळायची: छोट्या तळ्याच्या काठचा, वासाच्या धानाचा तेवढा एक तुकडा. चिन्नोर उशिरा पिकतो, तोवर आजूबाजूचं सगळं कापून होतं आणि डुकरं त्याच्यावरच येतात. सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायची, कुंपण पाहायचं, बस.

बुद्ध पौर्णिमेला विहारात जी खीर होते, तिचा तांदूळ या एका बांदीतला. माझ्या जन्माआधीपासून. बाबा त्यातला दाणा विकत नाहीत. पौर्णिमेला स्वतः खिरीच्या गंजाजवळ उभं राहून सगळ्या गावाला वाढतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. माझ्याकडे पाहताना तो चेहरा तसा कधी झालेला नाही, पण यंदा होणार.

उद्यापासून पहाटे पाचला शेतावर. रोज.

२१ ऑक्टोबर
ऑपरेशन चांगलं झालं. गजर पाचला व्यवस्थित वाजला. गजराबद्दल तक्रार नाही.

संध्याकाळी जाणार होतो, पण शाळेत प्रयोगशाळेतल्या बेसिनचा नळ गळायला लागला. मी प्रयोगशाळा सहाय्यक. गावात लोक लॅबवाले सर म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

२४ ऑक्टोबर
गमबूट आले. शिटी आली. दुर्बीण ऑनलाइन मागवली होती, तीही आली. अर्धं काम तयारीतच असतं. रिताने विचारलं, शेतावर जाऊन आलात का. मी तिला गमबूट दाखवले. ती बराच वेळ गमबुटांकडे पाहत होती. बायकोला नवऱ्याच्या शिस्तीचं कौतुक वाटलं की ती अशी गप्प होते.

२७ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
अखेर शेतावर. उशीर झाला थोडा, पण पोचलो. चिन्नोर कमरेएवढा झालाय, लोंबीत दूध भरतंय. बाबांचं साड्यांचं कुंपण चारी बाजूंनी जागच्या जागी. आईच्या जुन्या साड्या, बांबूच्या खुंट्यांना गाठी मारून ताणलेल्या. साडी वाऱ्याने हलली की डुकराला माणूस उभा आहे असं वाटतं म्हणतात. बोडीतलं पाणी उतरलंय. तिच्या काठावर, कुंपणाच्या बाहेर, डुकरांनी चिखल पार उकरून ठेवला आहे.

आणि त्या चिखलात तो होता.

कोंबडीएवढा. लांब शेपूट. अंग काळपट-तांबूस, पोटावर आडवे पट्टे. किडे वेचत होता. मला पाहून उडाला नाही, धावला. पळत पळत बांबूच्या बेटात शिरला. असा पक्षी मी या गावात जन्मात पाहिलेला नाही. तसा मी इकडे फारसा आलेलोही नाही.

२८ ऑक्टोबर
दुपारी लॅबमध्ये कोणी नव्हतं. मोबाईलवर शोधलं: डुकरांमागे चालणारा लांब शेपटीचा पक्षी.

सापडला. बोर्निओ बेटावरचा ग्राउंड-कुक्कू. घनदाट सदाहरित जंगलात राहतो, जमिनीवरच वावरतो, उडायचा कंटाळा करतो. अतिशय दुर्मिळ. आणि मुख्य म्हणजे रानडुकरांच्या मागे मागे फिरतो. डुकरं माती उकरतात, हा वर आलेले किडे खातो. पोटावर पट्टे आहेत. शेपूट लांब आहे. फोटोतला पक्षी हिरवट दिसतो, आपला तांबूस, पण आपला चिखलात होता.

आता न उडणारा पक्षी बोर्निओहून आंधळगावला कसा आला, मध्ये समुद्र आहे, असं विरोधक विचारतील. उत्तर नंतर काढू. मोठ्या शोधात अशा बारीकसारीक गोष्टी सुरुवातीला राहतातच.

३० ऑक्टोबर
नवीन जात निघाली तर नाव द्यावं लागेल. माझं नको, ते बरं दिसत नाही. बाबांचं द्यायचं. तेजरामी. लॅटिनमध्येही शोभेल. पेपरमध्ये फोटो: बाबा वॉकर धरून, मी शेजारी, मागे चिन्नोर. हे डोळ्यासमोर आलं आणि मला शाळेतच भरून आलं. मुख्याध्यापकांनी विचारलं बरं नाही का. सल्फरचं निमित्त सांगितलं.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
टिकारामला बांधावर नेऊन पक्षी दाखवला. योग असा की पक्षी तेव्हाच बाहेर आला. टिकारामने हात जोडले आणि म्हणाला भारद्वाज दिसला, दिवस चांगला जाईल. मी त्याला बोर्निओ, कुक्कू, डुक्कर सगळं समजावलं. तो ऐकून घेतो, हे त्याचं चांगलं आहे. शेवटी त्याने विचारलं, मग हा काय खातो? मी म्हटलं, किडे, बेडूक, गोगलगायी. तो म्हणाला, भारद्वाजही तेच खातो.

डुकरांसाठी तो संध्याकाळी सुतळी बॉम्ब लावतो. मी हात जोडून ते बंद करायला लावले. पक्षी लाजाळू आहे.

३ नोव्हेंबर, रविवार
फोटो काढला. शेपूट स्पष्ट आली आहे. बाकी बांबू. नागपूरच्या एका पक्षीतज्ज्ञांना ईमेल केला. विषय: भंडारा जिल्ह्यात ऐतिहासिक शोध. खाली बाबांचं नाव सुचवलं.

७ नोव्हेंबर
टिकारामने मोठा धान कापला. मशीन आली, दिवसभरात साफ. आता सगळ्या शिवारात उभा आहे तो एकटा आमचा चिन्नोर. रिता म्हणाली, आता डुकरं दुसरीकडे कुठे जाणार, तुम्ही संध्याकाळचे जात जा. मी म्हटलं जातोच आहे. ती म्हणाली, दुर्बीण घेऊन जाता.

बाबांचा फोन. लोंब कशी आहे विचारलं. मस्त म्हटलं. खरंच मस्त आहे. वाळून सोनेरी व्हायला लागली आहे, वास सुटलाय. पक्ष्याचं सांगितलं नाही. ते सरप्राईज.

९ नोव्हेंबर
तज्ज्ञांचं उत्तर नाही. पक्षीही दोन दिवस नाही.

विचार केला. डुकरं नाहीत म्हणून पक्षी नाही. डुकरं का नाहीत? कुंपणाला घाबरून. म्हणजे बाबांचं कुंपण नकळत संशोधनाच्या आड येत आहे. शांतपणे पाहिलं तर उपाय सोपा आहे. बोडीच्या बाजूच्या साड्या थोड्या दिवसांसाठी काढायच्या. त्या बाजूला धान तसाही विरळ आहे. डुकरं दोन-चार लोंब्या खातील, काठावर माती उकरतील, पक्षी येईल, मी फोटो काढेन, साड्या परत बांधेन. एका दिवसाचं काम.

१० नोव्हेंबर, रविवार
साड्या सोडल्या. आईच्या गाठी फार घट्ट होत्या, नखं दुखली. साड्या नीट घड्या करून बांबूच्या बेटावर ठेवल्या. वस्तूची किंमत असते.

१२ नोव्हेंबर
पक्षी आला! काठावर, अगदी उघड्यावर. मी म्हटलंच होतं. डुकरं आली होती, त्यांच्यामागोमाग आला. फोटो काढेपर्यंत तो पाठमोरा धावला. शेपूट पुन्हा छान आली आहे.

कोपऱ्यातला थोडा धान लोळला आहे. फार नाही.

१४ नोव्हेंबर
प्रतिक्षाचा व्हिडिओ कॉल. बाबांना शेत पाहायचं होतं. मी बांदीच्या टिकारामकडच्या बाजूला उभं राहून मोबाईल धरला. तिकडून सुंदर दिसतं. बाबा म्हणाले जरा बोडीकडे फिरव. नेटवर्क गेलं. मीच घालवलं, पण आमच्याकडे नेटवर्क तसंही जातं.

बाबा वॉकरवर चालायला लागले आहेत. आवाजात उत्साह होता. कॉल तुटायच्या आधी त्यांनी आईला म्हटलेलं मला ऐकू आलं की पोरगं सांभाळून राहिलं शेत. हे ऐकून मी बोडीकडे जाऊन मोकळ्या खुंट्या मोजल्या. उद्या साड्या बांधायच्याच.

१५ नोव्हेंबर
आज नाही जमलं. उद्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार
तज्ज्ञांचं उत्तर आलं. दोन ओळी. फोटोत दिसतो तो भारद्वाजाचा पिल्लू पक्षी आहे, पहिल्या वर्षी पोटावर पट्टे असतात, पुढे जातात. पक्षीनिरीक्षणाला शुभेच्छा.

पिल्लू पक्षी म्हणे. मला वाटलं होतं तज्ज्ञ मंडळी खुल्या मनाची असतात. फोटोत फक्त शेपूट होती, मग पोटावरचे पट्टे त्यांनी कुठून पाहिले? (पट्ट्यांचं मी ईमेलमध्ये लिहिलं होतं. तरीही.) एक चांगला, पूर्ण पक्ष्याचा फोटो मिळाला की सगळ्यांची तोंडं बंद. त्यासाठी अजून आठवडाभर बाजू उघडी ठेवावी लागेल. बाबांच्या नावाचा प्रश्न आहे.

१८ नोव्हेंबर
निवडणुकीची ड्युटी लागली. उद्या साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, परवा मतदान, रात्री उशिरा सुटका. रिताने विचारलं, मी जाऊन साड्या बांधून येऊ का. मी म्हटलं नको, पक्ष्याचा आता विश्वास बसत चालला आहे. ती म्हणाली, डुकरांचाही बसला असेल. थट्टा करायची सवय आहे तिला.

टिकारामला सांगून ठेवलं लक्ष ठेव. त्याने विचारलं बॉम्ब लावू का. मी नको म्हटलं.

२१ नोव्हेंबर
सकाळी केंद्रावरून थेट शेतावर. झोप नाही.

बांदीत धान नाही.

म्हणजे आहे, पण उभा नाही. सगळा चिखलात. लोंब्या चावून, तुडवून, मधोमध लोळून. डुकरं बोडीकडून शिरली आणि पार टिकारामच्या धुऱ्यापर्यंत. दोन्ही रात्री आली असतील. पिल्लंही होती, लहान लहान खूर उमटलेत. वास मात्र तसाच येतोय चिन्नोरचा, पूर्ण शिवारात.

पक्षी मधोमध चालत होता. पूर्ण दिसत होता, समोरून, उन्हात. मोबाईल खिशात होता. काढला नाही.

२२ नोव्हेंबर
ड्युटी लागली नसती तर हे झालं नसतं.

२३ नोव्हेंबर
ड्युटी लागली नसती तरी मी पाचला उठलो नसतो. हे लिहून ठेवतो आणि पुढे याच्यावर बोलणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
रिता, मी आणि टिकारामची बायको सुशीलाबाई असे तिघे बसून उभ्या-आडव्यातल्या बऱ्या लोंब्या वेचल्या. दिवसभर. पाठ मोडली. सुशीलाबाईने पाच-सहा वर्षं त्या खिरीचं गंज घासलेलं आहे. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी साड्या परत बांधायला काढल्या. रिता म्हणाली आता कोणापासून. परत घड्या करून बेटावर ठेवल्या.

१ डिसेंबर
चिन्नोर चुरून, म्हणजे मळून झाला. एका घमेल्यात मावला.

३ डिसेंबर
नवीन योजना. चिन्नोर कुठूनतरी विकत आणायचा, बाबांच्या कोठीत भरायचा. कोणाला कळणार आहे? तांदूळ तांदूळच असतो. मोहाडीला, तुमसरला, भंडाऱ्याला फिरलो. एकाने चिन्नोर म्हणून दिला तो शिजवून पाहिला. वास येईना. भांड्यात नाक घालून हुंगलं, तरी येईना. आमच्याकडे चिन्नोर शिजला की शेजारची माणसं विचारायला येतात. रिताने ते पोतं उचलून मागच्या खोलीत टाकलं. मी जेवलो. पोटभर जेवलो, खरं तर.

६ डिसेंबर
सकाळी विहारात गेलो अभिवादनाला. विहार समितीचे देवाजी काका भेटले. बाबांची तब्येत विचारली आणि म्हणाले यंदा खिरीसाठी मोठं गंज आणून ठेवलंय. मी म्हटलं वा.

८ डिसेंबर, रविवार
बाबा आले. घरी उतरलेच नाहीत, आधी शेतावर चला म्हणाले. मी म्हटलं आराम करा, ऊन आहे, गुडघा आहे. डिसेंबर आहे, ऊन कसलं, असं आई म्हणाली.

वॉकर धुऱ्यावर चालेना म्हणून माझा खांदा धरला. इतक्या जवळ बाबा माझ्यासोबत कधी चालले होते आठवत नाही. वाटेत मी निवडणूक, ड्युटी, यंदा डुकरं फार, वनखातं काही करत नाही, असं सगळं सांगत होतो. बांदीजवळ थांबले. बरंच पाहिलं. मग बोडीकडच्या मोकळ्या खुंट्यांकडे, मग बेटावरच्या घड्या केलेल्या साड्यांकडे. जाऊन एक साडी हातात घेतली, उलगडली, परत घडी केली.

मग म्हणाले, “डुक्कर साडीची गाठ सोडत नाही, बाबू.”

आवाज चढला नाही. मला वाटलं होतं चढेल. त्याची मी तयारी केली होती, उत्तरंही ठरवली होती.

९ डिसेंबर
बाबांना सगळं सांगितलं. बोर्निओ, डुकरं, कुक्कू, तज्ज्ञांचा आडमुठेपणा. तेजरामी हे नावसुद्धा. सांगताना मला स्वतःलाच कसंतरी वाटत होतं, पण अर्ध्यावर थांबता येईना. बाबांनी गुडघा शेकत शेवटपर्यंत ऐकलं. एकच विचारलं, त्या पाखराचं नाव माझ्यावरून काहून ठेवून राहिला होता. मी म्हटलं असंच. ते म्हणाले बरं.

आई स्वयंपाकघरात होती. घमेल्यातला चिन्नोर तिने डब्यात भरला. डबाही भरला नाही.

१५ डिसेंबर
पुढच्या हंगामात मी स्वतः रात्रीची जागल करणार. कुंपण डबल. दुर्बीण विकून टाकणार. पहाटे पाचला उठायची सवय आत्तापासूनच लावतो.

१६ डिसेंबर
थंडी फार आहे. जानेवारीपासून.

१२ मे २०२५, सोमवार, बुद्ध पौर्णिमा
बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

विहारात खीर झाली. समितीने दुकानातून तांदूळ आणला होता. कोणी काही म्हणालं नाही. म्हणजे आमच्यासमोर कोणी नाही. बाबा दरवर्षी गंजाजवळ असतात. यंदा तिथे देवाजी काका उभे होते. बाबा पंगतीत बसले, भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी त्यांच्या शेजारी. देवाजी काकांनी वाढलं तेव्हा बाबांनी दोन्ही हातांनी द्रोण पुढे केला. मी बाबांना हात पुढे करताना कधी पाहिलं नव्हतं. मला समोर पाहवेना, मी पत्रावळीवरच्या मिठाकडे पाहत राहिलो.

खाता खाता बाबा साध्या आवाजात म्हणाले की शेत ठेक्यानं टिकारामला दिलं. चिन्नोरची बांदीही. गुडघा आता वाकत नाही. मृगाआधी तो बांध नीट करून घेईल. मी काही म्हणणार होतो. मी यंदा जागल करणार होतो, डबल कुंपण करणार होतो, ते सगळं माझ्या ओठावर होतं. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, उलट जरा सांभाळून, आजारी माणसाकडे पाहतात तसं. आणि म्हणाले:

“टिकारामले सांगून ठेवलं मी. तुले पाखरू पाहाले वावरात येऊ देजो म्हणून.”

मी हो म्हटलं.

देवाजी काका पुन्हा खीर घेऊन आले. मी द्रोण पुढे केला.